जिन्यातला लंबक

तीन वर्षं मी पुणे विद्यापीठाचा विद्यार्थी होतो आणि विद्यापीठ पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे विद्यापीठ म्हणजे हॉलतिकिटाच्या कोपऱ्यातला निळा शिक्का. प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट यायचं ते ‘विद्यापीठाकडून’, निकाल लागायचा तोही ‘विद्यापीठातून’. म्हणजे नेमकं कुठून, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही. पुणे, नगर आणि नाशिक, तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं त्या एका विद्यापीठाला जोडलेली. मी पाथर्डी तालुक्यातला. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालो, तरी विद्यापीठ माझ्यासाठी देवस्थानाच्या ट्रस्टसारखंच होतं. पावती मिळते, दर्शन नाही.

दर्शन २००५ च्या उन्हाळ्यात झालं, एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेच्या निमित्तानं. शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर पहाटे उतरलो, गणेशखिंडीतल्या फाटकातून आत शिरलो आणि विभाग शोधता शोधता चुकून मुख्य इमारतीसमोर जाऊन उभा राहिलो. ब्रिटिश गव्हर्नरचा तो जुना वाडा. मनोरा, कमानी, पुढे हिरवळ. १९४९ साली विद्यापीठ निघालं आणि हा वाडा त्याच्या वाट्याला आला. एक माळी नळीनं पाणी घालत होता. त्याला विचारलं, ‘फिजिक्स कुठंय?’ त्यानं हनुवटीनं दिशा दाखवली आणि म्हणाला, ‘लांब आहे. आधी पाणी पी.’ चारशे एकरांच्या आसपासचं आवार, खरंच लांब होतं. (आता विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. ते २०१४ नंतर. मी गेलो तेव्हा नुसतंच पुणे विद्यापीठ.)

परीक्षेचं फार सांगत नाही. पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या यादीत तळाला होतं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, गावातल्या पतसंस्थेतून पैसे काढून दिले. अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात, ते जुनी तार काढून नवी भरतात. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की दुकानात मोटारींची रांग लागते. मला ते एवढंच म्हणाले, ‘आपण तार गुंडाळतो. आत काय चालतं ते तू बघून ये.’

आत काय चालतं ते बघायला मला बराच वेळ लागला, कारण मी पाठांतराचा राजा होतो.

बी.एस्सी.ला मार्क कसे मिळतात याचं शास्त्र मला अवगत होतं. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या, कोणतं डेरिव्हेशन आलटून पालटून येतं ते हेरायचं आणि पहाटे चारला उठून घोकायचं. समीकरणाच्या कितव्या ओळीनंतर ‘बट वी नो दॅट’ येतं, हेसुद्धा मला पाठ असे. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलेलो. तेव्हा वक्रीभवन, अपस्करण, जडत्व हे शब्द कळून वापरत होतो. प्रकाश वाकतो म्हणून वक्रीभवन, शब्दातच अर्थ. अकरावीला सगळं इंग्रजीत गेलं आणि मी कळून घेणं बंद करून पाठ करायला लागलो. त्याचा तोटा झाला असं मला वाटलंही नव्हतं, कारण मार्क वाढतच गेले.

विभागातल्या पहिल्या सेमिस्टरला यामिकी, म्हणजे क्लासिकल मेकॅनिक्स, हा विषय होता. शिवाय गणिती पद्धती, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे मंडळी होतीच, पण ती मला निदान ओळख दाखवत होती. यामिकी शिकवणारे सर खडू घेऊन यायचे, नोट्स नाहीत. फळ्यावर एक चित्र काढायचे आणि गप्प उभे राहायचे. वर्गातली कोथरूडची एक मुलगी इंग्रजीत फाडफाड बोलायची, बाकीचे माना हलवायचे. मी लग्रांजची गतीची समीकरणं कशी सिद्ध होतात ते चार पानी डेरिव्हेशन आठ दिवसांत पाठ केलं आणि निश्चिंत झालो.

सप्टेंबरात चाचणी झाली. पहिलाच प्रश्न असा: तारेचं एक गोल कडं उभ्या व्यासाभोवती ठराविक वेगानं फिरतंय, त्यात एक मणी ओवलाय, घर्षण नाही, तर मणी कुठे स्थिरावेल? मी प्रश्न दोनदा वाचला आणि लग्रांजचं चार पानी डेरिव्हेशन लिहून काढलं. अक्षर सुंदर होतं. खाली दुहेरी रेघ मारली.

सरांनी पेपर परत दिला तेव्हा त्या चार पानांवर एकही लाल खूण नव्हती. शेवटी फक्त लिहिलं होतं: ‘मणी कुठे आहे?’

वीसपैकी तीन. ते तीन कशाचे होते, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेलो. इंग्रजीत काहीतरी जुळवून बोलायला लागलो तर ते म्हणाले, ‘मराठीत सांग. घरी कुठल्या भाषेत भांडतोस?’ मग त्यांनी विषयच बदलला. आवारातल्या आयुकाला जाऊन आलास का, तिथला फुको लंबक पाहिलास का? पाहिला होता. नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात तिथे जातोच. १९८८ साली नारळीकरांनी उभी केलेली ती खगोलशास्त्राची संस्था आमच्या विभागापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चार्ल्स कोरियांनी बांधलेली इमारत, मधल्या पायऱ्यापायऱ्यांच्या चौकात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे. लांब तारेवर झुलणारा, पृथ्वी फिरते हे दाखवणारा तो लंबक मी पाहिला होता, फोटोही काढून घेतला होता.

‘त्याच्या झुलण्याचं प्रतल एक पूर्ण फेरी मारायला पुण्यात किती वेळ घेईल?’ सरांनी विचारलं.

‘चोवीस तास,’ मी लगेच म्हणालो. पृथ्वी चोवीस तासांत फिरते हे चौथीपासून पाठ होतं.

‘आणि विषुववृत्तावर?’

‘चोवीसच.’

ते हसले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, ‘विचार कर. पुस्तक उघडू नकोस. तू फरशीवर उभा आहेस आणि डोक्यावर ओळंबा टांगलाय, एवढंच धर.’

आमच्या खोलीत आम्ही तिघं. एक नंदुरबारचा, एक येवल्याचा आणि मी. येवल्याच्याचे वडील गवंडी, त्यामुळे ओळंबा शब्द ऐकताच तो उठून बसला. तोवर आम्ही खोलीतसुद्धा फिजिक्सबद्दल बोलताना नकळत इंग्रजीत घसरायचो आणि दोन वाक्यांत गप्प व्हायचो. त्या रात्री पहिल्यांदा मराठीत भांडलो. नंदुरबारवाल्यानं मेसमधून आणलेली मोसंबी पृथ्वी म्हणून धरली, तिच्यात उदबत्तीची काडी खुपसली. उत्तर ध्रुवावर उभं राहिलं तर पायाखालची फरशी जात्याच्या पाळीसारखी जागच्या जागी फिरते, चोवीस तासांत एक फेरी. लंबक आपला एकाच रेषेत झुलत राहतो, म्हणून फरशीवरच्या माणसाला लंबकच फिरल्यासारखा दिसतो. विषुववृत्तावर काय? तिथे फरशी भोवती फिरत नाही. ती नुसती पूर्वेकडे वाहून नेली जाते, पाळण्यातल्या खुर्चीसारखी. तिथे लंबक फिरणारच नाही. मग मध्ये कुठेतरी? पृथ्वीच्या फिरण्याचा जेवढा वाटा आपल्या ओळंब्याच्या दिशेनं पडतो तेवढीच फरशी फिरते. तो वाटा म्हणजे अक्षांशाचा साइन. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, त्याचा साइन ०.३१७. चोवीसला ०.३१७ नं भागलं तर जवळजवळ शहात्तर तास.

तीन दिवसांहून जास्त. रात्री दीड वाजता मी ते उत्तर कागदावर लिहिलं आणि त्याखाली दुहेरी रेघ मारायचं विसरलो.

दिवाळीत घरी गेलो तो डोक्यात कडं आणि मणी घेऊनच. अण्णांच्या दुकानात तारेला काय तोटा. पाच सेंटीमीटर त्रिज्येचं कडं वळवलं, आईच्या तुटलेल्या माळेतला एक मणी ओवला, कडं हँडड्रिलच्या तोंडात खालच्या बाजूला धरून उभं पकडलं आणि फिरवायला लागलो. हळू फिरवलं की मणी तळाशी बसून राहतो, हलत नाही. वेग वाढवत नेला की एका क्षणी तो तळ सोडतो आणि वर चढून मध्येच कुठेतरी थांबतो. आणखी वाढवलं की आणखी वर. समीकरण सांगतं की या कड्याला सेकंदाला सव्वादोन फेऱ्यांच्या खाली मणी उठणारच नाही. मी मोजून पाहिलं. घर्षणामुळे अडीच-तीन लागल्या, पण उठतो, आणि तसा अचानकच उठतो. आई म्हणाली, ‘पुण्याला यासाठी पाठवलं?’ अण्णांनी मात्र ड्रिल माझ्या हातातून घेतलं आणि पंधरा मिनिटं स्वतः फिरवत बसले. सणाच्या दिवशी दुकान बंद, त्यामुळे गिऱ्हाइकाची घाई नव्हती.

खरं खूळ पुढचं होतं. आमच्या वसतिगृहाच्या जिन्याला मधोमध मोकळी विहीर होती, तीन मजले सरळ खालपर्यंत. येवल्याच्याच्या डोक्यात आलं की इथे आपला स्वतःचा लंबक टांगायचा. आयुकातला तयार लंबक होता, तो बरोबर फिरतो म्हणजे कुणीतरी तो नीट बसवलाय, एवढंच त्यातून कळत होतं. आम्हाला तो चुकताना बघायचा होता, असं आता मी म्हणतो. तेव्हा आम्हाला वाटत होतं की पहिल्याच रात्री जमेल.

जड, गोल वस्तू हवी. नंदुरबारवाला गोळाफेक करायचा, त्यानं जिमखान्यातून एक गंजलेला गोळा सरावासाठी म्हणून आणला. ७.२६ किलोचा लोखंडी गोळा. तो पिशवीत घालून मी एसटीनं गावी नेला. कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं. दुकानाशेजारच्या लेथवाल्यानं गोळ्याला बरोबर मध्यावर भोक पाडून आटे पाडून दिले, त्यात आकडा बसवला. जिमखान्याचा गोळा आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. अण्णांनी वाइंडिंगची तांब्याची अठरा गेजची तार दिली. ‘एकसलग दहा मीटर. जोड नाही कुठं,’ असं अभिमानानं म्हणाले.

तांब्याची तार हा आमचा पहिला धडा. रात्री अकराला गोळा टांगला तेव्हा तो फरशीपासून वीतभर वर होता. जेवणानंतरचा चहा पिऊन आलो तर चार बोटं वर. सकाळी गोळा फरशीवर टेकून बसलेला होता. वाइंडिंगची तार भाजून मऊ केलेली असते, म्हणून ती खाचेत नीट बसते. तिच्यावर सात किलो टांगले तर ती लांबतच राहणार. पदार्थविज्ञानाच्या पेपरात ताण-विकाराचा आलेख मी किती वेळा काढला असेन! अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, ‘तांबं गुंडाळायचं असतं रे, टांगायचं नसतं. मला वाटलं तुम्ही काहीतरी फिजिक्स करणार.’

मग बोहरी आळीत जाऊन पोलादी तार आणली. वरच्या टोकाला तार नुसती बांधली तर गाठ एका बाजूला झुकते आणि लंबकाला ती बाजू आवडायला लागते, म्हणून विभागाच्या कार्यशाळेतल्या काकांकडून ड्रिलचं जुनं चक मागून आणलं. त्याच्या तीन जबड्यांत तार सगळीकडून सारखी पकडली गेली. लांबी मोजायला टेप लागली नाही. दहा झोके साठ सेकंदांत झाले, म्हणजे एक झोका सहाचा, म्हणजे लांबी नऊ मीटरच्या किंचित आत. हा हिशेब करताना मला फार श्रीमंत वाटलं. गोळ्याच्या बुडाला एम-सीलनं शिवणाची सुई चिकटवली आणि खाली फरशीवर रांगोळीची वर्तुळाकार कड घातली. फुकोनं १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेवर २८ किलोचा गोळा झुलवला, तेव्हा वाळूची कड घातली होती. आमच्याकडे वाळूपेक्षा रांगोळी स्वस्त आणि बारीक.

गोळा हातानं ओढला, सोडला. पुण्यात तासाला पावणेपाच अंश फिरायला हवा, घड्याळाच्या दिशेनं. अर्ध्या तासात आमचा गोळा दहा अंश फिरला. उलट्या दिशेनं.

येवल्याचा म्हणाला, ‘पृथ्वी उलटी फिरतेय का बघ रे खिडकीतून.’ पुन्हा केलं. या वेळी बरोबर दिशेनं, पण पंधरा अंश. तिसऱ्यांदा जवळजवळ स्थिर. चार रात्री असंच. मी वही घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत, विचारलं, ‘रेषेत झुलतोय की लंबवर्तुळात?’ आम्ही त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. ‘बघा. आणि लंबवर्तुळ असेल तर ते आपोआप किती फिरेल ते काढून आणा. पृथ्वी स्थिर धरून.’

हे काढायला आम्हाला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात मी जेवढी यामिकी शिकलो तेवढी अख्ख्या सेमिस्टरमध्ये नाही. मोठ्या झोक्याला लहान झोक्यापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. शाळेत आपण हे दुर्लक्षित करायला शिकतो. गोळा जर लंबवर्तुळात झुलत असेल, तर त्या किंचितमुळे लंबवर्तुळ स्वतःच सरकत राहतं, गोळा ज्या दिशेनं वळतोय त्या दिशेला. किती? हिशेब आला तेव्हा आम्ही तिघंही त्या कागदाकडे बघत राहिलो. आमची तार नऊ मीटरची, झोका मध्यापासून अर्धा मीटर. आडवा फुगवटा मध्यापासून फक्त एक सेंटीमीटर असला, तरी लंबवर्तुळ पृथ्वीमुळे फिरेल तेवढंच फिरतं. आम्ही हातानं सोडत होतो तेव्हा फुगवटा पाच-पाच सेंटीमीटर होता. म्हणजे चार रात्री आम्ही पृथ्वीचं फिरणं मोजतच नव्हतो, येवल्याच्याच्या मनगटाचा हिसका मोजत होतो.

मग फुकोची युक्ती. गोळ्याला सुती दोरा बांधून तो कठड्याला ताणून ठेवायचा, गोळा पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं आणि दोरा काडीनं जाळायचा. हात लागत नाही, हिसका बसत नाही.

दिवसा जिन्यात वर्दळ, दारं उघडली की वारा. म्हणून रात्री दोनची वेळ. तिघं उकिडवे बसलेले, समोर रांगोळीचं वर्तुळ, वर लोखंडी गोळा, जळालेला दोरा, काड्यापेटी. आणि नेमके वॉचमनमामा गस्तीला आले. त्यांनी बॅटरी आधी आमच्या तोंडावर मारली, मग रांगोळीवर, मग दोऱ्यावर. दोन पावलं मागे सरकले.

‘काय मांडलंय हे? कुणावर करताय?’

‘मामा, प्रयोग आहे. फिजिक्सचा.’

‘अमुशाच्या रातीला? लिंबू कुठं ठेवलंय?’

ती अमावास्या होती हे आम्हाला माहीतच नव्हतं. मामा रेक्टरसरांना उठवायला निघाले, तेव्हा मी त्यांना हात जोडून पायरीवर बसवलं आणि सांगायला लागलो. जातं, पाळणा, ओळंबा. माझ्या तोंडून एकही इंग्रजी शब्द गेला नाही, कारण गेला असता तर मामा उठून गेले असते. ते ऐकत होते, अधूनमधून ‘हां’ म्हणत होते, आणि मध्येच म्हणाले, ‘मंजी गोळा एका जागी झुलतोय, आन् वसतिगृह फिरतंय?’

‘होय.’

‘मंग आपल्याला चक्कर कशी येत न्हाई?’

‘फार हळू फिरतंय ना. तासाला पावणेपाच अंश. घड्याळातला तासकाटासुद्धा याच्या सहापट जोरात पळतो.’

मामा गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग काठी बाजूला ठेवून म्हणाले, ‘बघू तर फिरतंय का.’ चौघं बसलो. अर्ध्या तासात झोका लहान होत गेला, तशी आतल्या बाजूला घातलेली रांगोळीची दुसरी कड सुई कापायला लागली. कोनमापकानं मोजलं. अपेक्षा २.४ अंश, मिळाले ३, आणि रांगोळीच्या कडेची जाडी धरली तर चूक सहज एक अंशाची. म्हणजे एखाद्या जर्नलनं हुंगलंही नसतं. पण दिशा बरोबर, आणि पुढच्या तिन्ही रात्री दर वेळी बरोबर. मामांनी दुसऱ्या दिवसापासून आम्हाला ‘काय, फिरतंय का वसतिगृह?’ असं विचारायला सुरुवात केली आणि ते आम्ही तिथून जाईपर्यंत चाललं.

या सगळ्याच्या मध्ये पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि मी यामिकीत नापास झालो. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण परीक्षा डिसेंबरात झालेली होती, दोरा जाळला फेब्रुवारीत. त्या दोन महिन्यांत मला जे कळलं ते डिसेंबरातल्या उत्तरपत्रिकेला कळायचा मार्ग नव्हता. बॅकलॉग हा शब्द अण्णांना कसा सांगायचा हे कळेना. शेवटी सांगितलं, ‘एक मोटार परत आलीय, पुन्हा भरायचीय.’ ते म्हणाले, ‘येतात परत. पैसे घ्यायचे नसतात दुसऱ्यांदा.’

त्याच महिन्याच्या शेवटी, २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो. अण्णा परस्पर गावाहून आले. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा तिथे दाटीनं आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या, शेवटच्या कितीतरी किलोमीटर लांब, द्राक्षाच्या बागांपलीकडे. शाळांच्या सहली, बैलगाड्या, भेळेच्या गाड्या, सगळी जत्रा. मी अण्णांना हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर तरंगलांबीबद्दल सांगत होतो. तबकडी पत्र्याची नसून तारेच्या जाळीची का, तर तरंगलांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी, लाटेला भोक दिसतच नाही. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, ‘फिरवायला मोटार केवढ्याची आहे?’ मला माहीत नव्हतं. त्यांनी तिथल्या एका तंत्रज्ञाला गाठलं आणि दोघं अर्धा तास मोटार, गिअर आणि ब्रेक यांवर बोलत उभे राहिले. मी बाजूला उभा राहून भेळ खाल्ली. परत येताना म्हणाले, ‘वारं वाढलं की तोंड आभाळाकडं करून ठेवतात. बरोबर आहे. छत्री तशीच धरावी लागते.’ छत्री तशी धरत नाहीत, पण मी काही बोललो नाही.

पुढचं दीड वर्ष भराभर गेलं. प्रयोगशाळेत हॉल परिणामात व्होल्टेजचं चिन्ह उलटं आलं की प्रोब उलटे लावलेत का स्फटिकाचा प्रकार वेगळा, हे आधी ठरवायला शिकलो. मायकेलसन व्यतिकरणमापीवर पट्टे मोजताना शेजारच्या खोलीचं दार आपटलं की सगळं मोजमाप पाण्यात. लेसरच्या तरंगलांबीच्या निम्म्या अंतरानं आरसा हलला तरी एक पट्टा सरकतो, तिथे दाराची काय कथा. गायगर गणित्रावर शंभर ठोके मोजले तर त्यात दहाची चूक गृहीत, दहा हजार मोजले तर शंभराची, म्हणजे दहा टक्क्यांची चूक एक टक्क्यावर येते. म्हणून बसून मोजत राहायचं. हे काम मला मनापासून आवडायचं. पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, कळली असं मी आजही म्हणणार नाही. तिच्यात मोसंबी आणि उदबत्ती चालत नाही, आणि मराठीत भांडूनसुद्धा आम्ही तिथे पोचलो ते शेवटी गणिताच्या काठीवरच. कोथरूडच्या मुलीनं आमच्या खोलीतल्या या भांडणांबद्दल ऐकलं आणि वाचनालयाबाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसायला लागली. तिला सगळं येत होतं, पण ‘जडत्व म्हणजे काय’ असं आम्हाला विचारायची. इंग्रजी शब्द नव्हे, मराठी. आम्हाला काही दिवस फार मोठेपण आलं.

नेट दोनदा दिली. दुसऱ्यांदा अधिव्याख्यातापदासाठी पात्र झालो, फेलोशिप हुकली. येवल्याचा पीएच.डी.ला गेला, नंदुरबारवाला बँकेत लागला. मी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात शिकवतो.

यामिकीचा बॅकलॉग दुसऱ्या वर्षी दिला. रात्रभर फुको लंबकाची उजळणी करून गेलो होतो. फुको आला नाही. आलं ते कडं आणि मणी, वेगळ्या आकड्यांसह. मी आधी कड्याचं चित्र काढलं, मणी कुठे असेल तिथे ठिपका दिला आणि मग समीकरणाला हात घातला. दीड पान झालं. अक्षर वाईट आलं.

राहिला गोळा. तो जिमखान्यात परत करायचा होता आणि त्याला भोक होतं. शेवटच्या उन्हाळ्यात तो पुन्हा एसटीनं गावी नेला आणि अण्णांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी काही न बोलता स्टोव्ह पेटवला, कढल्यात शिसं वितळवलं आणि भोकात ओतलं. गार झाल्यावर कानस मारून वरचा भाग सपाट केला, काळा रंग लावला आणि शेजारच्या दुकानातल्या काट्यावर ठेवला. दहा ग्रॅम जास्त भरला. शिसं लोखंडापेक्षा जड, हे मी सांगायला तोंड उघडलं तोवर अण्णा काट्याकडे बघत म्हणाले, ‘असू दे. फेकणाऱ्याला काय कळतंय.’